पाऊस थांबून तास उलटले तरी टीव्ही बंद : तक्रार पत्र

प्रति,
मा. ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : पाऊस थांबल्यानंतरही प्रक्षेपण बंद राहणे आणि पाहणी न करताच तक्रार निकाली काढणे याबाबत.

महोदय,

आज दुपारी मी आपल्या ग्राहक सेवा केंद्राला तीन आठवड्यांतला पाचवा फोन केला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. डिशचे काम कसे चालते हे आपल्याला माहीत आहे, असे मी गृहीत धरते. आपल्या वतीने फोन घेणाऱ्यांना मात्र ते माहीत नाही, किंवा माहीत असूनही ग्राहकाला सांगण्याची त्यांना मुभा नाही.

मुसळधार पावसात चित्र जाते, ही माझी तक्रार नाही. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, तेथून येणारा सिग्नल डिशपर्यंत पोहोचेतो अतिशय क्षीण झालेला असतो आणि आपले प्रक्षेपण ज्या केयू बँडमध्ये (लहरींच्या एका ठराविक पट्ट्यात) होते त्यातील लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असल्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्यांतली ऊर्जा शोषून घेतात आणि इकडेतिकडे विखरून टाकतात. सी बँडच्या लहरी सात-आठ सेंटीमीटरच्या असल्याने त्यांना पावसाचा त्रास बराच कमी होतो, पण त्यासाठी डिश फार मोठी लागते. हे सारे मला मान्य आहे. धो धो सर कोसळत असताना दहा-पंधरा मिनिटे पडदा काळा झाला म्हणून मी आपल्याला एकदाही फोन केलेला नाही. सर ओसरली की वाटेतला अडथळा जातो आणि चित्र आपोआप परत येते. तसे ते यायलाच हवे.

माझ्या घरी ते येत नाही. पाऊस थांबतो, ऊन पडते, गच्ची वाळते, आणि तरीही चार-चार, पाच-पाच तास पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ एवढेच दिसत राहते. शिवाय सगळ्या वाहिन्या एकदम जात नाहीत. सेट-टॉप बॉक्सच्या माहितीच्या पानावर प्रत्येक वाहिनीचे ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या लहरी उभ्या कंप पावतात की आडव्या, ते दिसते. ते मी तीन दिवस वहीत उतरवून घेतले. पाऊस थांबल्यावर उभ्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या लागतात आणि आडव्या ध्रुवीकरणाच्या सर्वच्या सर्व बंद राहतात. एलएनबीला, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या यंत्राला, उभ्यासाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट बॉक्सकडून केबलमधूनच मिळतात आणि त्यावरूनच कोणत्या लहरी घ्यायच्या ते त्याला कळते, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगण्याची गरज नसावी. केबलच्या जोडात पाणी शिरले की वाटेत व्होल्टेज पडते आणि १८ची आज्ञा एलएनबीपर्यंत पोहोचतच नाही. आकाश निरभ्र झाल्यावर चार तास फक्त निम्म्या वाहिन्या अडवून धरणारा पाऊस कुठेही पडत नाही. हा दोष माझ्या गच्चीवर आहे आणि तो आपल्या माणसाने केलेल्या जोडणीतला आहे.

आता आजच्या संभाषणाबद्दल, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. एकवीस मिनिटे थांबल्यावर जे गृहस्थ बोलायला आले, त्यांनी माझे म्हणणे ऐकण्याआधीच विचारले, “मॅडम, तुमच्याकडे पाऊस आहे का?” मी सांगितले की पाऊस सकाळी नऊ वाजता थांबला आहे आणि आता दुपारचा एक वाजत आला आहे. ते म्हणाले, “पावसामुळे सिग्नल जातो, पाऊस थांबला की येईल.” मी पुन्हा सांगितले की पाऊस थांबून चार तास होत आले. त्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग, “हो मॅडम, पण वातावरण ढगाळ असेल.” मी खिडकीपाशी उभी राहून बोलत होते, समोर लख्ख ऊन होते, आणि तसे मी त्यांना सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, ढग आपल्याला दिसत नाहीत, वर असतात.” मी व्होल्टेजचा मुद्दा काढला, वहीतल्या वाहिन्यांची नावे वाचून दाखवू लागले, तर मला मध्येच तोडून त्यांनी विचारले, “घरात दुसरे कोणी आहे का, ज्यांना यातले थोडेफार कळते?” महोदय, हे वाक्य मी शब्दशः लिहिले आहे. आपण संभाषणे ध्वनिमुद्रित करता, तेव्हा ते काढून ऐका. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी मला जास्त वाहिन्यांचे पॅकेज सुचवले आणि फोन ठेवल्यानंतर दोन मिनिटांत संदेश आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. कोणाच्या समाधानाने निघाली, हे मला लेखी कळवावे.

याआधीच्या चारही तक्रारी अशाच बंद झाल्या. कारणाच्या रकान्यात चारही वेळा ‘हवामान’ लिहिले आहे. तंत्रज्ञ एकदाच आले. त्या दिवशी ऊन होते, सगळ्या वाहिन्या दिसत होत्या. त्यांनी डिशच्या दांड्याला हात लावून पाहिला, “सिग्नल तर फुल आहे” म्हणाले आणि जोड न उघडता खाली उतरले. उन्हात चित्र दिसते यावरून डिश नीट बसवली आहे असे ठरत नाही. डिजिटल प्रक्षेपणात चित्र जुन्या टीव्हीसारखे हळूहळू मुंग्या येत खराब होत नाही. बॉक्स चुका दुरुस्त करत राहतो आणि सिग्नल एका मर्यादेखाली गेला की चित्राचे चौकोन पडून ते एकदम थिजते. त्या मर्यादेच्या वर किती राखीव ताकद ठेवली आहे, यावरच पावसात किती निभावेल ते ठरते. साठ सेंटीमीटरच्या डिशचा झोत, म्हणजे ती ज्या कोनातून सिग्नल पकडते तो, साधारण तीन अंशांचा असतो; ती एका अंशाने चुकली तरी कोरड्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण राखीव ताकदीतला मोठा भाग तेवढ्यानेच जातो. माझ्याकडे बॉक्सवर दिसणारा सिग्नलच्या गुणवत्तेचा आकडा कोरड्या हवेत ५८ असतो आणि नुसती रिमझिम सुरू झाली की २५वर येतो. म्हणजे जोडाबरोबर दिशेचीही तपासणी हवी आहे, आणि ती मीटर लावून व्हायला हवी, दांडा हलवून नव्हे.

तंत्रज्ञांनी जे पाहिले नाही ते परवा मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिले. एलएनबीला जोडलेला कनेक्टर हाताने सुटला, इतका तो सैल होता. आत पाण्याचा एक थेंब होता, तो माझ्या बोटावर आला. मधली तांब्याची तार हिरवी पडली आहे आणि भोवतालची जाळी काळी झाली आहे. जोडावर रबरी टोपी नाही, जलरोधक टेपचा एक वेढासुद्धा नाही. वास्तविक केबल जोडाच्या खाली झोळासारखी वळवून आणायची असते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या वळणावरून खाली टपकते. आपल्या माणसाने ती वरच्या कठड्यावरून सरळ जोडात उतरवली आहे, त्यामुळे पावसाचा प्रत्येक ओघळ नेमका कनेक्टरमध्ये जातो. दोन हात जास्त केबल आणि टेपचे चार वेढे एवढ्याने हे टळले असते. मी छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हिरवी पडलेली तार त्यांत स्पष्ट दिसते.

वादळी पावसाच्या दिवसांत हवामानाचे इशारे ऐकण्यासाठीच टीव्ही सर्वांत जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही भरलेल्या पैशांच्या बदल्यात आपण आम्हाला काळा पडदा देता. नऊ वर्षे मी आपली ग्राहक आहे आणि दोन नातेवाइकांना आपलीच जोडणी घ्यायला मी सांगितले होते. त्याचा मला आज मनस्ताप होतो. पाचही तक्रारी पाहणी न करता किंवा धड पाहणी न करता बंद केल्या गेल्या, हे मी पुन्हा लिहिते, कारण फोनवर ते कोणी लिहूनच घेतले नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. सात दिवसांच्या आत मीटर घेऊन येणारा जाणकार तंत्रज्ञ पाठवावा. दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि भिजलेली केबल बदलावी, कारण जाळीतून आत ओढले गेलेले पाणी टोक पुसून निघत नाही. डिश नव्याने रोखून गुणवत्तेचे आकडे मला लेखी द्यावेत. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली आहे का ते पाहावे. गेल्या तीन आठवड्यांचे शुल्क परत करावे. आणि पाचही तक्रारींच्या नोंदीतले ‘हवामान’ हे कारण खोडून ‘सदोष जोडणी’ असे लिहावे. या मुदतीत काही झाले नाही तर वहीतल्या नोंदी, छायाचित्रे आणि निकाली निघाल्याचे आपले पाचही संदेश घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी मला फोन करावा. त्या दिवशी ऊन असले तरी त्यांनी जोड उघडल्याशिवाय परत जाऊ नये.

आपली,
नऊ वर्षांची ग्राहक

सोबत : जोडाची व केबलची छायाचित्रे, वाहिन्यांच्या नोंदींची प्रत.