चौकटीतला गावसकर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालची रविवार पुरवणी वाचली. रात्री झोप नीट लागली नाही म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय. 'सर्वकालीन दहा महान फलंदाज' असा दोन पानी पसारा मांडलात, रंगीत, प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट वगैरे. ब्रॅडमन एक, सचिन दोन, इथपर्यंत ठीक आहे, त्यावरून घरोघरी वाद होतातच आणि व्हावेत. लारा, रिचर्ड्स, सोबर्स यांच्या नंबरांबद्दलही मी काही बोलत नाही, कोण चौथा आणि कोण सहावा ते ज्यानं त्यानं चहा पिताना ठरवावं. पण सुनील गावसकर कुठाय? तर खाली उजव्या कोपऱ्यात, 'हेही उल्लेखनीय' असं लिहिलेल्या चौकटीत, बाकीच्यांच्या रांगेत, मागे-पुढे स्वल्पविराम. वर कारण काय, तर 'आजच्या निकषांवर संथ'.

आजच्या निकषांवर १९७१ सालचा ट्रंक कॉलपण संथच होता की हो.

तुमच्या लेखकानं अपेक्षेप्रमाणे लॉर्ड्सवरचे १९७५ च्या वर्ल्ड कपमधले ते १७४ बॉलमधले नाबाद ३६ काढलेतच. काढा, लोक पन्नास वर्षं काढतायत. ती खेळी वाईट होती, त्यानं स्वतःच ती आपली सगळ्यात वाईट खेळी म्हणून सांगून टाकलीय, विषय संपला. पण मग दिल्ली १९८३ का नाही काढत? त्याच्या आधीच्या कानपूर टेस्टमध्ये वेस्ट इंडिजच्या फास्ट बॉलर मार्शलच्या बॉलनं हातातली बॅट उडाली होती, सगळे म्हणाले संपला आता, आणि पुढच्याच टेस्टला त्याच मार्शलला हूक मारत ९४ बॉलमध्ये शंभर केले. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी त्याच दिवशी झाली. आणि आपल्या नागपूरला १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध अंगात ताप असताना ८८ बॉलमध्ये नाबाद १०३, तेपण आजच्या निकषांवर संथच का? (त्या मॅचचं नाव काढलं की लोकांना फक्त चेतन शर्माची हॅटट्रिक आठवते, ते एक वेगळंच.)

असो. मला खरा राग आलाय तो बंगलोरचा. अख्ख्या दोन पानांत त्याच्या शेवटच्या टेस्टमधल्या ९६ चा एक शब्द नाही. मार्च १९८७, पाकिस्तान, चिन्नास्वामी. पीच कसलं, पहिल्याच दिवशी पाकिस्तान ११६ ला ऑलआऊट, मणिंदरच्या २७ रनमध्ये ७ विकेट, मग आपण १४५, त्यांनी दुसऱ्या डावात २४९ केले आणि आपल्याला पाहिजे होते २२१. इक्बाल कासिम आणि तौसिफ या त्यांच्या दोन स्पिनरांनीच त्या मॅचमध्ये १८ विकेट काढल्या, यावरून काय ते समजा.

मी तेव्हा बँकेत क्लार्क होतो, सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत. समोर इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं, त्यानं काचेच्या आत टीव्ही लावलेला, आवाज बाहेर यायचा नाही. कॅश बंद करून आम्ही रस्ता ओलांडून काचेला नाक लावून उभे, कॉमेंट्री आमच्यातल्याच एकाच्या खिशातल्या ट्रान्झिस्टरवर. त्या ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावरसुद्धा बॉल पडला की उडणारी धूळ दिसत होती. एक बॉल गुडघ्याखाली राहायचा आणि पुढचा तिथूनच उठून छातीला यायचा. आणि हा सदतीस वर्षांचा माणूस, चारी बाजूंनी फिल्डरांचं कोंडाळं, बॉल येईपर्यंत थांबायचा, अगदी शेवटच्या क्षणी बॅट न्यायची आणि खालचा हात एकदम सैल सोडायचा, बॉल बॅटला लागून पायापाशीच मरायचा. फॉरवर्ड शॉर्टलेगवाला झेप घ्यायचा आणि पुन्हा कपडे झटकत उभा राहायचा. किती वेळा बघितलं ते आता सांगता येणार नाही पण दरवेळी काचेपुढचे आम्ही सगळे एकदम श्वास सोडायचो.

त्या दिवशी आमच्याकडे हेड ऑफिसातून इन्स्पेक्शनला एक साहेब आलेले होते. तेही चहाच्या निमित्तानं येऊन मागं उभे राहिले. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हा असा टुकूटुकू खेळतोय म्हणूनच मॅच जाणार." सगळ्यांच्या देखत. साहेब पडले, काय बोलणार, मी तेव्हा कन्फर्मसुद्धा झालो नव्हतो. थोड्या वेळानं कासिमचा एक बॉल असा काही उसळला की स्लिपमध्ये रिझवानच्या हातात, ९६ वर आऊट, २६४ बॉल, पाच तासांच्या वर उभा होता. मग बिन्नीनं थोडी आशा लावली आणि आपण २०४ ला संपलो, १६ रननं हरलो. बाकीच्या दहा जणांत सगळ्यात जास्त रन अझरच्या, २६. म्हणजे मॅच कुणामुळे गेली? साहेबांनी तोपर्यंत चहा संपवून पुन्हा लेजरं मागवलेली होती. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं ते गेलंच, आणि काल तुमची चौकट वाचून वाटलं की त्यांचीच कुणीतरी भाचेमंडळी तुमच्या क्रीडा विभागात चिकटलेली दिसतायत.

मला माहितेय लगेच कुणीतरी लिहिणार की वेस्ट इंडिजविरुद्धच्या १३ शतकांचं काय सांगता, १९७१ ला त्यांची बॉलिंग तितकी तिखट नव्हती आणि ७८-७९ ला त्यांचे मोठे लोक कॅरी पॅकरच्या बंडखोर स्पर्धेत गेले होते. बरोबर आहे, गेले होते. पण ८३ च्या डिसेंबरात मद्रासला मार्शल, होल्डिंग, रॉबर्ट्स कुठं गेले होते? मुद्दाम चौथ्या नंबरवर आला, तर बोर्डावर शून्यावर दोन! तिथून नाबाद २३६. मग रिचर्ड्सबद्दलही हिशोब करायचा तर त्याला मार्शल-होल्डिंग कधी टेस्टमध्ये खेळावे लागले नाहीत, ते त्याच्याच ड्रेसिंगरूममध्ये बसलेले असायचे. मी रिचर्ड्सला कमी लेखत नाहीये, बघायला त्याच्यासारखं सुख नाही. पण ओपनरचं काम आणि दोन बाद शंभरवर येणाऱ्याचं काम एकाच फूटपट्टीनं मोजायचं आणि वर त्याला 'निकष' म्हणायचं ही कमाल आहे.

निकषांवरून आठवलं. बारीक टाइपात लिहिलंय की 'किमान ५० कसोटी' खेळलेल्यांचाच विचार केला. वा! म्हणजे ब्रॅडमन ५२ वर वाचले, थोडक्यात निभावलं बिचाऱ्यांचं. जॉर्ज हेडली २२ टेस्ट, ग्रॅम पोलॉक २३, दोघांचीही सरासरी साठच्या वर, दोघेही बाद. एकाच्या मधे महायुद्ध आलं, दुसऱ्याच्या देशावरच, दक्षिण आफ्रिकेवर, बंदी आली, यात त्यांच्या बॅटिंगचा काय दोष? आणि आपले विजय मर्चंट १० टेस्टवर गेले, त्यातली शेवटची १९५१ ला दिल्लीत, तिथं १५४ करून. फर्स्ट क्लासमध्ये ७१.६४ ची सरासरी, पुढे फक्त ब्रॅडमन. पन्नास टेस्ट त्यांनी कुठून आणायच्या होत्या?

बरं मर्चंटांना यादीत नाही घेतलंत, पण त्यांचा फोटो मात्र घेतलात, आणि खाली नाव टाकलंत 'विजय हजारे'. एकाच पानावर दोन विजयांचा अपमान करायला पण कौशल्य लागतं. दोघंही १९४३ च्या त्या पेंटँग्युलर, म्हणजे मुंबईतल्या पाच संघांच्या स्पर्धेच्या, फायनलला आमनेसामने होते, मर्चंट नाबाद २५०, तर हजारेंनी संघाच्या ३८७ मधल्या एकट्यानं ३०९, ही गोष्ट पूर्वी शाळेतल्या पोरांना पाठ असायची. तुमच्याकडे फोटो बघणारं कुणी जुनं माणूस उरलं नाही का? की त्यांनाही 'आजच्या निकषांवर संथ' म्हणून घरी बसवलंत?

अजून एक, रणजीच्या मॅचचे पूर्ण स्कोअरकार्ड तुम्ही बंद केलेत ते परत सुरू करा. दोन पानं मुकुटांना मिळतात आणि महाराष्ट्राच्या मॅचला चार ओळी, त्यातही एक्स्ट्रा किती ते नसतं.

फोटोची दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, आणि ती बिल्डरच्या जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरात नको. माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं छाटून छापलं होतं, यावेळीही जागा कमी पडली तर लॉर्ड्सचा भाग छाटा, बंगलोरला हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा