दादास पत्र: बोर्डावर उभं कसं राहायचं

साप्पोरो, जपान

ती. दादास, सा. नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. मी स्नोबोर्डवर, म्हणजे पायांना बांधायच्या फळीवर, बर्फावरून घसरतो तो व्हिडिओ पाहून तू विचारलं होतंस, "एवढा तिरपा होतोस, पडत कसा नाहीस?" शाळेत पीटी शिकवणाऱ्या माणसाची दोन ओळींत बोळवण करता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आईला आधी सांग, हेल्मेट घालतो.

व्हिडिओ तेइने डोंगरावरचा. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीइंगच्या काही शर्यती इथेच झाल्या होत्या. मी करतो त्याला कार्व्हिंग म्हणतात. बोर्डाच्या कडेला पोलादी पट्टी असते आणि ती कड मधे आत वळलेली असते. बोर्ड कलवला की कड बर्फात रुतते आणि बोर्ड आपोआप गोलाईत वळतो. जमलं तर मागे बारीक रेघ उमटते, बोर्ड घसरला तर बर्फ खरवडलेला रुंद पट्टा. लिफ्टमधून वर जाताना सगळे खाली वाकून आपापली रेघ शोधतात. मीही.

खरी गोम पाय बांधण्यात आहे. पाय बोर्डावर आडवे, बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर बसवलेल्या पट्ट्यांच्या पकडीत, जखडलेले. बाइंडिंगखालच्या चकतीवर अंशांच्या खुणा असतात, पाय अगदी आडवा तो शून्य. पेचकसाने ढिलं करायचं, फिरवायचं, आवळायचं. उड्या मारणारी पोरं पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा तेवढाच मागे वळवतात. कार्व्हिंगवाले दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवतात, साधारण ३० आणि १५. कडक बूट घालणारे रेसर तर ५०-६० पर्यंत जातात. कोन वाढला की बुटाची टोकं कडेबाहेर कमी येतात. नाहीतर बोर्ड जास्त कलला की टोक बर्फाला घासतं आणि माणूस आपटतो.

पण दुसऱ्याचे आकडे उचलून आपल्या पायाला लावण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. पंज्याच्या बाजूने वळताना घोटा चांगला दुमडावा लागतो. तिथे मला अडचण आली नाही. लहानपणी वावरात उकिडवं बसून निंदण केलेलं, टाच न उचलता अजूनही खाली बसतो. इथल्या जिममधल्या कित्येकांची टाच लगेच वर येते. माझं अडतं ते खुब्यात. आपण जन्मभर मांडी घालून बसतो, म्हणजे मांडी बाहेर फिरवायची सवय. मागचा पाय पुढे वळवायचा तर तीच मांडी आत फिरावी लागते. तू करून बघ: खाटेच्या काठावर बस, गुडघे जोडून ठेव आणि एक पाऊल बाहेरच्या बाजूला ने. जिथे अडेल तिथे तुझ्या खुब्याची हद्द. त्यापुढे ओढलं तर ताण गुडघ्यावर येतो, आणि गुडघा तर बिजागरी, त्याला पीळ सोसत नाही. म्हणून मागचा कोन मी ६ वरच ठेवलाय. शिकवणारे १८ म्हणाले, मी हसून मान डोलावली.

दोन पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त. फार फाकवले तर खाली बसता येत नाही. टाचेच्या बाजूने वळताना बाइंडिंगची पाठ पोटरीला टेकते, ती थोडी पुढे कलती ठेवली की गुडघे आपसूक वाकतात. लोक इथे कमरेतून वाकतात आणि घसरतात. तुझ्या कबड्डीतला बचावपटू उभा राहतो ना, गुडघे वाकलेले, छाती वर, अगदी तसं हवं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, हे मी इथल्या पोरांना सांगितलं. त्यांना भलतीच गंमत वाटली.

तर काम असं: मांडी आत फिरवायला मोकळी होईल असे चार-पाच व्यायाम लिहून व्हॉट्सॲपवर पाठव. बसून करता येतील असे, खोली लहान आहे. आणि कापूस विकला की अजून घरातच पडलाय ते कळव. बाबा फोनवर काहीच सांगत नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा