किल्ली बाबांनाच शोधू दिलीस, त्याबद्दल

वरच्या मजल्यावरच्या मुली,

तुझं नाव इथे लिहिलेलं तुला आवडणार नाही, म्हणून एवढंच संबोधन.

बाबांचा किल्ल्यांचा जुडगा दिवसाआड हरवायचा. मी हौसेनं टॅग, म्हणजे हरवलेली वस्तू फोनवरून वाजवून शोधायची छोटी चकती, आणला, माझ्या फोनला जोडला, त्यांच्या जुडग्यात अडकवला आणि निश्चिंत झाले. पण मी घरात असेन तेव्हाच तो वाजायचा. मी कामावर गेले की ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर, आणि बाबा पुन्हा गाद्या उलथ्यापालथ्या करत बसायचे.

त्यात त्या सकाळी फिरून येताना त्यांच्या फोनवर सूचना आली, की दुसऱ्या कुणाचा तरी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय. कुणीतरी आपल्या मागावर आहे, या भीतीनं ते जिन्यातच बसले. तू कॉलेजला निघाली होतीस, तरी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलीस. हा इशारा चोरून पाळत ठेवणाऱ्यांसाठी असतो, टॅग तुमच्या लेकीच्या नावावर आहे म्हणून फोन सावध झाला, असं तू त्यांना तीनदा सांगितलंस. तिन्ही वेळा त्याच शांतपणे, हे बाबांनीच मला सांगितलं.

संध्याकाळी तू टॅग माझ्या खात्यातून काढून बाबांच्या फोनला जोडलास आणि माझ्याशी नुसता शेअर केलास. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. टॅगमध्ये जीपीएस नसतं, तो फक्त आपली खूण हवेत सोडत राहतो आणि आसपासचे फोन ती टिपून जागा कळवतात, हेही तेव्हाच समजलं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. टॅग वाजला आणि बाबांना ऐकूच आला नाही. वयामुळे त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. मी किल्ल्या उचलायला उठले, तर तू माझा हात धरलास. बाबांच्या फोनमध्ये अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे जवळच्या टॅगची दिशा आणि अंतर दाखवणारी सोय, आहे, हे तू आधीच बघून ठेवलं होतंस. पडद्यावर बाण आला, खाली अंतर. 'आजोबा, बाण समोर येईपर्यंत हळूहळू वळा.' ते वळले. चार मीटर. अडीच. फोन तळहातात थरथरायला लागला, तसे ते कपाटापाशी थांबले आणि स्वेटरच्या घडीतून त्यांनी जुडगा ओढून काढला. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा ताठ झालेला कणा पाहिला. 'अगं, माझ्या किल्ल्या कुठे आहेत?' हा प्रश्न त्या दिवसापासून घरात जवळजवळ बंद झाला. तो विचारताना त्यांना किती संकोच वाटायचा, हे मला तो बंद झाल्यावर कळलं.

नंतर बटणासारखा चपटा सेल बदलल्यावर टॅग मुकाच राहिला, तेव्हाही तूच धावलीस. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप देतात, तो लेप नेमका टॅगच्या पत्तीखाली येत होता. बिनलेपाचा सीआर2032 घातलास आणि जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून माझ्या नातवाच्या हाती लागणार नाही असा ठेवलास. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, हे तू सांगितल्यापासून सुटे सेल मी कुलपात ठेवते.

टॅगमधला सेल साधारण वर्षभर चालतो, म्हणजे आता बदलायची वेळ जवळ आली आहे. या वेळी आपणच बदलणार, असं बाबांनी जाहीर केलंय. तू फक्त समोर बसायला ये, असा त्यांचा निरोप आहे.

तुझी खालच्या मजल्यावरची काकू