राखीव दल राखीवच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरात कुठे दगडफेक झाली किंवा निवडणूक जाहीर झाली, की 'केंद्रीय दल बोलवा' ही मागणी हल्ली प्रत्येक पक्षाच्या तोंडी असते. केंद्रीय राखीव पोलीस दल कशासाठी उभे राहिले आणि त्याला कोणते काम जमते, याचा विचार ही मागणी करताना फारसा होत नाही.

संस्थानांमधील वाढत्या चळवळींना आवर घालण्यासाठी इंग्रजांनी २७ जुलै १९३९ रोजी नीमच येथे हे दल वेगळ्या नावाने स्थापन केले. स्वातंत्र्यानंतर ते मोडीत न काढता सरदार पटेलांच्या पुढाकाराने १९४९ च्या कायद्यान्वये त्याला आजचे नाव मिळाले. पुढे काही वर्षे सीमाही याच जवानांनी सांभाळली. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातील सरदार चौकी त्यांच्या मोजक्या कंपन्यांनी पाकिस्तानी ब्रिगेडच्या हल्ल्यापुढे टिकवून धरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीमा सुरक्षा दल स्थापन झाले आणि या दलाकडे मुख्यत्वे अंतर्गत सुरक्षेचे काम राहिले.

पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा आहे. केंद्रीय दल येते ते राज्याच्या मदतीला. त्याचे स्वतःचे पोलीस ठाणे नसते, ते गुन्हा नोंदवत नाही, तपास करत नाही आणि जिथे तैनात होते तिथल्या जिल्हा प्रशासनाशी व स्थानिक पोलिसांशी समन्वय ठेवूनच काम करते. (हिंगणा मार्गावर या दलाचे गट केंद्र आहे आणि राज्य राखीव पोलीस दलाचा तळही त्याच मार्गावर आहे, त्यामुळे खुद्द नागपूरकरही या दोहोंत गल्लत करतात.)

मार्च २०२५ मध्ये नागपुरातील महाल, हंसापुरी भागात हिंसाचार होऊन संचारबंदी लागली, तेव्हा सशस्त्र जवानांच्या संचलनाने लोकांना धीर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि महालातील कोणता बोळ कुठे निघतो, कोणत्या पानठेल्यावर रात्री कोण बसतो आणि शांतता समितीतील कोणाचा शब्द मोहल्ल्यात खरोखर चालतो, हे कोतवाली किंवा गणेशपेठ ठाण्याच्या बीट अंमलदारालाच ठाऊक असते. बिहार वा आसामातून भरती झालेल्या आणि आठवडाभरात दुसऱ्या राज्यात रवाना होणाऱ्या जवानाकडून ती अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

गडचिरोलीचा अनुभवही हेच सांगतो. तेथे केंद्रीय दलाच्या बटालियन वर्षानुवर्षे आहेत, त्यांची गरजही होती आणि त्यांच्या बलिदानाबद्दल दुमत नाही. पण नक्षलवाद्यांना सर्वाधिक जेरीस आणले ते जिल्हा पोलिसांच्या सी-६० पथकांनी, कारण त्यांतील बहुसंख्य जवान त्याच जिल्ह्याचे, गोंडी-माडिया बोलणारे आणि जंगलाच्या वाटा जाणणारे होते.

असे असताना राज्ये पोलीस भरती रखडवतात, ठाण्यातील मनुष्यबळ बंदोबस्तात अडकवतात आणि संकट आले की दिल्लीकडे कंपन्या मागतात. परिणामी जे दल अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे, ते काश्मीर, ईशान्य भारत, छत्तीसगड आणि निवडणुका यांमध्ये सतत फिरत राहते. त्यात जवानांचे प्रशिक्षण, विश्रांती आणि रजा यांची ओढाताण होते, याची फिकीर मागणी करणाऱ्यांपैकी कोणालाच नसते.

हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरमध्ये इतर जिल्ह्यांतूनही पोलीस येथे बोलावले जातात. त्या अधिवेशनात विदर्भातील आमदारांनी दोनच आकडे सभागृहात मागावेत: नागपूर पोलीस आयुक्तालयात शिपाई ते निरीक्षक या दर्जाची किती पदे रिक्त आहेत, आणि ठाण्यांतील कर्मचारी वर्षातले किती दिवस आपल्या हद्दीबाहेरच्या बंदोबस्तावर असतात. हे आकडे पटलावर आल्याखेरीज केंद्राकडे कंपन्या मागण्याचा प्रस्ताव कोणत्याही पक्षाने मांडू नये.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर