काट्याच्या प्रोग्रॅमला रूटचे अधिकार दिल्याबाबत शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

विषय : ऊस वजनकाटा प्रणालीच्या ताज्या अपडेटने मुख्य प्रोग्रॅमवर पुन्हा बसवलेला सेटयूआयडी बिट

महोदय,

काल दुपारी तुमच्या सेवा केंद्राशी माझे सहावे बोलणे झाले आणि त्यानंतर पुन्हा फोन करायचा नाही असे मी ठरवले. प्रणाली तुम्ही बनवली आहे, तेव्हा ती काय करते याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

३ तारखेच्या अपडेटने काट्याच्या मुख्य प्रोग्रॅमची मालकी रूटकडे, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याकडे, आणि परवानगी ४७५५ अशी केली आहे. या आकड्यातला पहिला चार म्हणजे सेटयूआयडी बिट, हे तुमच्या ज्या अभियंत्याने तो लिहिला त्याला ठाऊक असणारच. काटा कारकून स्वतःच्या साध्या खात्यातून प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा लिनक्सचा गाभा असलेला कर्नल त्या फाइलच्या आयनोडमध्ये, म्हणजे तिची मालकी आणि परवानग्या जिथे नोंदलेल्या असतात तिथे, पाहतो, तिथे सेटयूआयडी बिट दिसला की प्रक्रियेचा प्रभावी यूजर आयडी, म्हणजे ती ज्याच्या अधिकारात चालते त्या खात्याचा क्रमांक, फाइलच्या मालकाचा करतो, आणि मालक रूट असल्यामुळे त्या क्षणापासून तो प्रोग्रॅम यंत्रावर काहीही करायला मोकळा होतो. चालवणारा माणूस कोण आहे, प्रोग्रॅमला नेमके कशासाठी काय लागते, हे कर्नल विचारत नाही. फाइलवर जे लिहून ठेवले आहे तेवढेच तो पाळतो, आणि तुम्ही त्यावर 'सर्व काही' असे लिहून ठेवले आहे. आमच्या यंत्रावर चालू प्रक्रियेची स्थिती पाहिली तर यूजर आयडीच्या ओळीत १००३, ०, ०, ० असे चार आकडे दिसतात. पहिला आकडा कारकुनाचा आहे. शून्य हा रूटचा क्रमांक, आणि उरलेली तीन शून्ये तुम्ही आमच्या काट्यावर आणून बसवली आहेत.

याचा परिणाम काय होतो ते मी राखीव यंत्रावर स्वतः करून पाहिले. कारकुनाच्या खात्यातून तुमचा प्रोग्रॅम उघडला, 'जुनी नोंद आणा' या चौकटीत पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांचे सांकेतिक रूप, ठेवणाऱ्या शॅडो फाइलचा पत्ता टाकला आणि एंटर दाबले. वाहन क्रमांक, भरलेली गाडी, रिकामी गाडी असे रकाने जिथे दिसतात, तिथे आमच्या सर्व खात्यांच्या ओळी एकाखाली एक उमटल्या. मग 'दुसऱ्या नावाने साठवा' वापरून त्या दिवसाच्या वजन नोंदवहीवर एक रिकामी फाइल चढवली. ती नोंदवही रूटच्या मालकीची आहे आणि तिची परवानगी ६०० आहे, म्हणजे मालक सोडून कोणालाही, अगदी कारकुनालाही, ती वाचतादेखील येता कामा नये. तरीही एक अक्षराची हरकत न घेता ती पुसली गेली.

साखर कारखान्याच्या काट्यावर याचा अर्थ काय होतो हे ऊसपट्ट्यात कोणालाही विचारा. माझे वडील याच काट्यावर रात्रभर बैलगाडी लावून उभे राहिलेले आहेत आणि हातात पडलेली वजनपावती टोपीच्या घडीत जपून घरी आणलेली मी लहानपणी पाहिली आहे. काटा मारल्याचा नुसता संशय आला तरी इथे गाड्या अडतात, सभेत वादंग होतो आणि वर्षानुवर्षे ते बोलणे मिटत नाही. अशा ठिकाणी वजनाची नोंद कोणालाही पुसता येईल असा प्रोग्रॅम तुम्ही पैसे घेऊन बसवला आहे.

आता कालच्या बोलण्याविषयी लिहितो, कारण ते विसरणे मला शक्य नाही. प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, "गाड्या थांबल्यात का?" मी नाही म्हणालो. "पावती छापली जाते ना?" मी हो म्हणालो. "मग सर, तक्रार म्हणून मी लिहू काय?" मी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यावर, "लिनक्सवर रूटशिवाय काही चालत नाही, तुम्हाला माहीत नसेल," असे उत्तर मिळाले आणि नऊ मिनिटे मला फोनवर गाणे ऐकवण्यात आले. नंतर आलेल्या वरिष्ठांनी माझे नाव विचारले नाही, पद विचारले नाही. ते म्हणाले, "तुमच्याकडे कॉम्प्युटरमधला कोणी जाणकार असेल तर त्याच्याकडे फोन द्या." मी चौदा वर्षे या कारखान्याचा संगणक विभाग सांभाळतो आहे, असे मी सांगितले. त्यावर जे वाक्य आले ते मी जसेच्या तसे देतो : "बाकी कोणत्याही कारखान्याची तक्रार नाही, तुमचीच का? तुमचा तुमच्या माणसांवर विश्वास नाही का?"

माझा माझ्या माणसांवर पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच मी भांडतो आहे. उद्या एखाद्या खेपेचे वजन बदललेले सापडले तर पहिले बोट त्या पाळीच्या कारकुनाकडे जाईल, आणि 'मला ती फाइल उघडताच येत नाही' हा त्या गरिबाचा एकमेव बचाव तुमच्या चाराने काढून घेतला आहे. त्याला नको असलेला अधिकार त्याच्या गळ्यात बांधायचा आणि वर मलाच विश्वासाबद्दल विचारायचे, हे मला अत्यंत अपमानास्पद वाटले.

तुमच्या प्रोग्रॅमला रूट लागतच नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात. काट्याचा आकडा सीरियल पोर्टवरून वाचायचा, ज्यासाठी कारकुनाचे खाते ते पोर्ट वापरू शकणाऱ्या डायलआउट गटात असणे पुरेसे आहे. आणि फाटकावरचे मोठे अंकफलक ८० क्रमांकाच्या पोर्टवरच माहिती मागतात, म्हणून १०२४ खालचे, एरवी रूटसाठी राखीव असलेले, नेटवर्क पोर्ट उघडण्याची मुभा. ही मुभा सुटी देता यावी यासाठी लिनक्सने रूटच्या अधिकाराचे तुकडे केले, ज्यांना केपेबिलिटी म्हणतात, आणि ते तुकडे थेट प्रोग्रॅमच्या फाइलवर नोंदवण्याची सोय २.६.२४ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, कर्नलमध्ये आली. मी सेटयूआयडी बिट काढला, फाइलवर 'कॅप नेट बाइंड सर्व्हिस' हा, म्हणजे तेवढे पोर्ट उघडू देणारा, एकच तुकडा दिला, नोंदवही वेगळ्या सेवेमार्फत लिहिली जाईल अशी व्यवस्था केली, आणि ऐन हंगामात अकरा दिवस काटा अखंड चालला. त्या अकरा दिवसांत एकही पावती अडली नाही. बाराव्या दिवशी तुमचे अपडेट आले. त्याने जुनी फाइल हटवून नवी ठेवली, आणि केपेबिलिटी ही फाइलसोबतच साठवलेली असल्यामुळे जुन्या फाइलबरोबर तीही गेली. नव्या फाइलवर पुन्हा ४७५५. वर पत्र आले की परवानग्या बदलल्यामुळे आमचा सेवा करार रद्द होऊ शकतो.

गेल्या वर्षीचे प्रकरणही संपलेले नाही. सेटयूआयडी बसवल्यावर तुमचा प्रोग्रॅम आपल्याच लायब्ररी, म्हणजे त्याला लागणाऱ्या कोडच्या वेगळ्या फाइली, शोधू शकेना, कारण अशा वाढीव अधिकाराच्या वेळी कर्नल या लायब्ररी जोडून देणाऱ्या लोडरला तशी खूण देतो आणि लोडर वापरकर्त्याने ठरवलेला लायब्ररीचा मार्ग मानत नाही. हे संरक्षण विचारपूर्वक ठेवलेले आहे. नाहीतर कोणीही आपली लायब्ररी पुढे करून रूट झाला असता. तुमच्या माणसाने तो फोल्डर प्रणालीच्या यादीत घातला आणि सोबत त्याची परवानगी ७७७, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशी, केली. म्हणजे कर्नलने पुढचे दार लावले आणि तुम्ही मागची भिंत पाडली. आता कोणताही वापरकर्ता तिथली लायब्ररी बदलून स्वतःचा कोड रूट म्हणून चालवू शकतो. शिवाय तुमचा प्रोग्रॅम खिडक्या आणि चौकटी दाखवणाऱ्या ज्या क्यूटी या तयार लायब्ररीवर बांधला आहे ते क्यूटीदेखील सेटयूआयडीने चालवल्यास सुरक्षेतील भोक असल्याचे सांगून थांबते. पहिल्या आवृत्तीत तो संदेश आम्हाला दिसला होता. पुढच्या आवृत्तीत तुम्ही भोक ठेवले आणि संदेश बंद केला. धोका माहीत नव्हता असे म्हणण्याचा मार्ग त्याच दिवशी तुम्ही स्वतः बंद केला आहे.

सेटयूआयडी ही मुळात वाईट कल्पना नाही. बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी १९७३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ मध्ये ते मिळाले. वापरकर्त्याला माहितीच्या फाइलला थेट हात लावू न देता केवळ नेमून दिलेल्या प्रोग्रॅममार्फत तिच्यापर्यंत पोहोचू द्यावे, हे त्यामागचे सूत्र आहे. काट्याला याहून योग्य काय असेल? पण तो बिट फाइलच्या मालकाचा अधिकार देतो, आणि मालक रूटच असला पाहिजे असे कोणी सांगितले? 'काटा' नावाचे साधे खाते काढून नोंदवही आणि ती लिहिणारा छोटासा प्रोग्रॅम त्याच्या नावे केला असता तरी काम भागले असते. रूटच्या मालकीचे सेटयूआयडी प्रोग्रॅम काळजीने लिहिले तरी घात होतो. पीकेएक्झेक या, दुसऱ्याच्या अधिकारात आज्ञा चालवून देणाऱ्या, सेटयूआयडी प्रोग्रॅममधली चूक २००९ पासून तिथे होती आणि जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली; तोवर बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांवर साध्या वापरकर्त्याला तिच्यामार्फत रूट होता येत होते. तो प्रोग्रॅम लहान आहे आणि अनेक जाणत्यांच्या नजरेखालून गेलेला आहे. तुमच्यात तर खिडक्या, चित्रे, छपाई आणि फाइल उघडण्याच्या चौकटी असे सगळे एकाच प्रक्रियेत, रूटच्या अधिकारात चालते.

पंधरा दिवसांत मला सेटयूआयडीविना चालणारी आवृत्ती हवी आहे, जिच्या इन्स्टॉलरने फक्त ती एक केपेबिलिटी द्यावी, लायब्ररीचा फोल्डर ७५५ वर, म्हणजे फक्त मालकाला लिहिता येईल असा, आणावा आणि क्यूटीचा तो इशारा पुन्हा चालू करावा. तसेच परवानग्या बदलल्यामुळे करार रद्द होण्याचे पत्र लेखी मागे घ्यावे. तोपर्यंत तुमचे एकही अपडेट काट्याच्या यंत्रावर चढणार नाही आणि वार्षिक देखभालीचा धनादेश लेखा विभागातून निघणार नाही, याला कार्यकारी संचालकांची मान्यता घेतलेली आहे. सोळाव्या दिवशी हेच पत्र चाचणीच्या छायाचित्रांसह सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे आणि वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जाईल. तुमची प्रणाली घ्यावी असा आग्रह सहा वर्षांपूर्वी संचालक मंडळापुढे मीच धरला होता. त्याच मंडळापुढे उभे राहून आता मला हे सांगावे लागत आहे.

संगणक विभाग प्रमुख

ता. क. तुमच्या वरिष्ठांचे ते विश्वासाबद्दलचे वाक्य मी आमच्या तिन्ही पाळ्यांच्या कारकुनांना वाचून दाखवले आहे. या कारकुनांची लेखी माफी मागावी, अशी माझी स्वतंत्र मागणी आहे.