सेकंड शिफ्टवाल्यांच्या जेवणाचं कुणीतरी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

चाकणच्या ट्रॅफिकवर तुमच्या पेपरात सारखं येत असतं, यायलाच पाहिजे, पण इथं एकट्यानं राहणाऱ्या पोरांच्या जेवणाबद्दल कुठं वाचायला मिळालं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी औसा तालुक्यातला, आयटीआय मशिनिस्ट करून इकडं आलो त्याला तीन वर्षं झाली, मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या एका छोट्या व्हेंडर कंपनीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट असली की दुपारी साडेतीनला पंच करायचं आणि सुटायचं रात्री बाराला.

आमच्या मेसच्या मावशी चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण डबा भरला जातो सकाळी अकराला आणि मी तो उघडतो रात्री आठच्या ब्रेकला, आणि एप्रिल-मे मध्ये वर पत्रा तापलेला असतो. झाकण काढलं की आधी वास घ्यायचा ही आता सवयच झालीय. वरणावर फेस दिसला की ते बेसिनमध्ये ओतायचं, चपात्या घामेजून एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या सोलून सोलून बटाट्याच्या सुक्या भाजीबरोबर खायच्या. रूमवर पोचेपर्यंत साडेबारा होतात आणि मेस तर दहालाच बंद. हायवेच्या गाडीवर वडापाव उरलेला असला तर ठीक, नाहीतर बिस्कीटचा पुडा आणि पाणी पिऊन झोपायचं.

त्याच ब्रेकमध्ये आईचा फोन येतो. जेवलास का लेकरा? जेवलो म्हणतो. काय होतं विचारते, मग भाजीचं सांगतो, वरणाचं नाही सांगत कारण तिला मग रात्रभर झोप लागत नाही. महिन्यातून एकदा ती लातूरला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देते, मी पहाटे नाशिक फाट्याला जाऊन पार्सल घेतो. रूममध्ये आम्ही चौघं कॉट बेसिसवर, दोन दिवसात सगळं संपतं, पण ते दोन दिवस कुणी रात्री उपाशी झोपत नाही.

कंपनीत कँटीन नाही का असं लोक विचारतात. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कँटीनचा नियम २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता, नवीन कामगार संहितेत तो आकडा १०० वर आणलाय, चांगलं झालं, पण आमच्यात सगळे धरून सत्तरच माणसं आहेत, मग आम्ही कुठं बसतो? शिवभोजन थाळी २०२० मध्ये सुरू झाली, १० रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात, गरिबाला खरंच आधार झाला. पण ती दुपारची, आम्हाला भूक लागते मध्यरात्री.

माझा रूममेट पाटणचा आहे, त्याचे आजोबा लालबागला गिरणीत होते. तो सांगतो की तेव्हा गावाकडून आलेली सगळी माणसं खानावळीत जेवायची आणि खानावळवाल्या बाया गिरणीच्या पाळ्या बघूनच स्वयंपाक करायच्या, रातपाळीवाल्याला पण गरम मिळायचं. त्याच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जे जमलं ते आज एवढ्या मोठ्या एमआयडीसीत का जमू नये हे मला कळत नाही. इथल्या गावांमध्ये पण बचत गट आहेत. एमआयडीसीनं एखादा गाळा कमी भाड्यानं द्यावा, आजूबाजूच्या पाच-सहा छोट्या कंपन्यांनी मिळून थोडा खर्च उचलावा, आणि पोलिसांनी त्या एका मेसला रात्री एकपर्यंत चालू ठेवायची परवानगी द्यावी, एवढंच मागणं आहे, फुकट कुणीच मागत नाही.

आमच्या रूमच्या लाईनीतच सेकंड शिफ्टची वीस-पंचवीस पोरं आहेत, बीड, नांदेड, यवतमाळ, सगळीकडची. कुणी ताई किंवा मावशी रात्रीची मेस चालवायला तयार असतील तर महिन्याचे पैसे आम्ही एक तारखेला ॲडव्हान्स देऊ, भांडी पण आमची आम्ही घासू. फक्त भाकरी ज्वारीची असली तर फार बरं होईल.

आपला,
एक सीएनसी ऑपरेटर, चाकण
(मूळ गाव ता. औसा, जि. लातूर)