बेंबीकडे लक्ष दे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होणार, चारच छोटी भोकं, असं तू फोनवर इतक्या सहज सांगितलंस की हसू आलं. अख्खी नोकरी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढलेल्या नर्सबाईला तू धीर देत होतीस! भोकं छोटी हे खरं, आणि मोठ्या छेदापेक्षा त्यांत पू होण्याची भीती कमी हेही खरं. पण त्यातलं एक भोक बहुतेक वेळा बेंबीपाशी असतं, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे.

आंघोळीत आपण बेंबीवरून हात फिरवतो, आत कुणी बघत नाही. आत मळ, मेलेली कातडी, कपड्यांचे तंतू साचत जातात. काहींच्या बेंबीत त्याचा काळा, टणक खडा होतो. पेशंट टेबलावर, सर्जन हात धुऊन उभे, आणि मी चिमट्याने खडा काढतेय, असं कितीदा झालंय. चांगली टापटीप माणसं असायची ती. तेव्हा आजपासून रोज आंघोळीला साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या इअरबडने बेंबी आतून हलकेच पूस आणि कोरडी कर. सगळं एकाच दिवशी निघालं पाहिजे असा हट्ट नको. नखाने उकरू तर मुळीच नकोस. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ, आणि त्यानंतर पोटावर पावडर, क्रीम काही नाही.

पोटावरचे केसही घरी काढू नकोस. इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीला लागले तेव्हा आदल्या संध्याकाळी वस्तरा घेऊन पेशंटचा ‘पार्ट’ करायचं, म्हणजे ऑपरेशनच्या जागेचे केस काढायचं, काम माझं. पोट कसं गुळगुळीत करते याचा केवढा तोरा होता मला! वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात, हे फार उशिरा कळलं. आता केस आड येत असतील तरच काढतात, तेही क्लिपरने, म्हणजे कातडी न खरवडता केस कापणाऱ्या यंत्राने.

भूल दिल्यावर पोटाला जंतू मारणारं औषध लावतील. २०१० साली ८४९ पेशंटांचा एक अभ्यास आला होता. पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन लावलेल्यांत जखमेचा संसर्ग १६.१ टक्के, तर अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावलेल्यांत ९.५ टक्के. पुढे २०२४ मध्ये आयोडीनही अल्कोहोलमधूनच देऊन पाहिलं, तर दोन्ही जवळपास बरोबरीत आली. मला विचारशील तर बरंचसं श्रेय त्या अल्कोहोलचं. अर्थात कुठल्याच औषधाने कातडी पूर्ण निर्जंतुक होत नाही. केसांच्या मुळाशी काही जंतू उरतातच. म्हणूनच वरचा मळ आधी निघालेला बरा. मळाखाली औषध पोचत नाही.

अल्कोहोलची एक खोड आहे. ते सुकायला हवं. केस नसलेल्या कातडीवरही निदान ३ मिनिटं लागतात, आणि बेंबीच्या वाटीत ते साचून राहतं. ओलं असतानाच कॉटरी, म्हणजे कापायचं आणि रक्त थांबवायचं विजेचं हत्यार, चालवली तर ते पेट घेऊ शकतं. घाईत असलेल्या सर्जनना “सर, अजून ओलं आहे” म्हणून मी थांबवलेलं आहे, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही बघितल्या आहेत. तुझ्या ओटीत अशी एखादी खाष्ट सिस्टर असो.

हो, लहानपणी गुडघ्याला आयोडीन लावलं तेव्हा तुला पुरळ उठली होती. ते डॉक्टरांना आधीच सांग. घरी आल्यावर महिनाभर जखमांवर नजर ठेव. लाली पसरली, पू दिसला, ताप आला तर मला नाही, आधी त्यांना फोन.

इअरबड विकत आणायला नकोत. तुझ्या आरशाच्या कपाटात वरच्या खणात आहेत. मागच्या वेळी आले होते तेव्हा आवरताना पाहिले.

तुझी,
आई